कुलवृत्तांतात वडिलांचा हुद्दा काय लिहू? भृत्य, शिपाई की पट्टेवाला?

रामबाग_इंदूर

नमस्कार. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे. पुण्याहून छापील फॉर्म आलाय: नाव, जन्म, शिक्षण, हुद्दा. नानांच्या हुद्द्यापाशी मी आठ दिवस अडले आहे.

नाना, म्हणजे माझे वडील, इंदुरात एका सरकारी कचेरीत भृत्य होते. मध्यभारत असताना १९५२ साली लागले. १९५६ ला मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, पण नानांची कचेरी तीच राहिली आणि साहेबांच्या दाराबाहेरचं स्टूलही तेच. त्यांची सेवापुस्तिका माझ्यापाशी आहे, पहिल्याच पानावर निळ्या शाईत 'पद : भृत्य'. आमच्याकडे सरकारी हिंदीत हाच शब्द. बोलताना मात्र कोणी भृत्य म्हणत नसे, चपरासीच म्हणत.

त्यांचा खांद्यावरून आडवा पट्टा असे आणि त्यावर पितळी बिल्ला, खात्याचं नाव कोरलेला. दर रविवारी आई तो चिंचेच्या कोळाने घासायची. अक्षरांच्या खाचांत चोथा अडकायचा, तो काडीने काढायचं काम माझं. वाचायला शिकायच्या आधीच त्या अक्षरांची वळणं माझ्या बोटांना पाठ होती.

गल्लीत ते सगळ्यांचे नाना. गणपतीत आरतीचं ताट आधी त्यांच्या हातात जायचं. दुपारी मी डबा घेऊन कचेरीत गेले की तेच नाना 'ए, इधर आ' व्हायचे. एकदा माझ्या दादाच्या वयाच्या कारकुनाने अशी हाक मारली आणि नाना उठले. मी डबा स्टुलावर ठेवून तशीच परत फिरले. रात्री जेवताना ते त्यावर काही बोलले नाहीत, मीही नाही.

धाकटा भाऊ म्हणतो, 'शासकीय सेवा' लिही, खोटं थोडंच आहे? खोटं नाही. पण जुन्या आवृत्तीत बाकीच्यांपुढे मामलेदार आहे, ओव्हरसिअर आहे, दुय्यम हेडमास्तरसुद्धा आहे. 'शासकीय सेवा' कोणाचीच नाही. जाणत्याला लगेच कळणार की इथे काहीतरी झाकलंय. मला झाकायचं नाही. फक्त महाराष्ट्रातल्या वाचकाला भृत्य कळेल का? शिपाई लिहावं की पट्टेवाला? या शब्दांचे मूळ अर्थ आणि त्यांचं वजन कोणाला ठाऊक असेल तर कृपया सांगा.

पेठेतला_वाचक

ताई, शिपाई लिहा. मूळ फारसी शब्द सिपाही, सिपाह म्हणजे फौज. पोलीस शिपाई आजही आहेच. आमच्याकडे सरकारी कचेऱ्यांत शिपायाच्या वर नाईक आणि हवालदार ही पदं असतात, तीही फौजेतूनच आलेली. पट्टेवाला हे नाव पट्ट्यावरून पडलं. चपरासीचंही तेच, चपरास म्हणजे तुम्ही घासत होता तो बिल्ला. दोन्हींत नाव त्या वस्तूचं, माणसाचं नाही.

भृत्य मला मुळीच पटत नाही. भृ धातूचा एक अर्थ पोसणे. भर्ता म्हणजे पोसणारा आणि भृत्य म्हणजे ज्याला पोसायचं तो. तुमचे वडील पोसले जात नव्हते, घर पोसत होते.

लष्कर_ग्वाल्हेर

पेठेतल्या वाचकांशी मी सहमत नाही. मूळ अर्थाच्या मागे लागून हाती काही येत नाही, उलट त्रासच होतो. आमच्या ग्वाल्हेरीतला जमादार घ्या. मूळ अर्थ तुकडीचा प्रमुख. भारतीय सैन्यात १९६५ पर्यंत जमादार हा हुद्दा होता, मग त्याचा नायब सुभेदार झाला. आणि आमच्या गल्लीत जमादार म्हणजे सकाळी नाली साफ करणारा, त्याला पाणी वरून ओतून देत. मी ते पाहिलंय, माझ्याच ओसरीवर. मेहतर हा शब्द तर फारसीत 'अधिक मोठा' या अर्थाचा. चित्रालचे राजे स्वतःला मेहतर म्हणवत. नोकर हा मंगोल भाषेतून आलेला, तिथे त्याचा अर्थ सोबती. एवढ्या मोठ्या मोठ्या शब्दांनी त्या माणसांना काय दिलं?

मी केंद्र सरकारच्या नोकरीत होतो. सहाव्या वेतन आयोगानंतर २००८ मध्ये 'ड' गट 'क' गटात गेला आणि शिपायाचा मल्टी टास्किंग स्टाफ झाला. पगार वाढला, ते फार चांगलं झालं. पण हाक तीच, 'अरे, पानी ला.' मला विचाराल तर सगळा अपमान त्या 'अरे'त असतो, हुद्द्याच्या शब्दात नसतो. म्हणून सेवापुस्तिकेत आहे तेच लिहा. भृत्य. तळाशी अर्थ द्या.

बडोद्याची_आजी

इकडे गुजरातीत पटावाळा म्हणतात, म्हणजे तुमचा पट्टेवालाच. पण गुजरातीत नावापुढे भाई लागतो, मग तो पटावाळा असो की साहेब. यजमानांच्या ऑफिसातून फायली घेऊन जे यायचे, त्यांना माझ्या मुलांनी कधी नुसत्या नावाने हाक मारली नाही. सासूबाई मात्र त्याच माणसाशी मराठीत बोलायच्या आणि थेट अरे-तुरेवर यायच्या. 'अरे, ते तिथे ठेव.' गुजरातीत जो भाई होता तो आमच्या मराठीत गडी होऊन जायचा. मी सून होते, कधी बोलले नाही. बोलायला हवं होतं.

मुली, एक सांग. नाना स्वतः आपल्या नोकरीला काय म्हणायचे?

रामबाग_इंदूर

आजी, तुमचा प्रश्न वाचला आणि मी माळ्यावरची ट्रंक उतरवली. आई तर फक्त 'हे कचेरीत आहेत' एवढंच म्हणायची. पण माझ्या मराठी शाळेचा प्रवेश अर्ज सापडला, पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. 'वडिलांचा व्यवसाय' यापुढे नानांच्या हातचं, जाड टाकाने, एकही अक्षर न खोडता: पट्टेवाला. खाली सही, पूर्ण नाव.

पेठेतल्या वाचकांनी सांगितलं की यात माणूस नाही, नुसता पट्टा आहे. आमच्या घरी तसं नव्हतं. तो पट्टा खुंटीला टांगलेला असायचा आणि त्याला कोणाचा पाय लागला तर आई नमस्कार करायला लावायची, पुस्तकाला पाय लागल्यावर करायचो तसा. लष्करकरांचं 'अरे'बद्दलचं म्हणणं मात्र शब्दाशब्दाने खरं आहे. मी तो डबा ठेवून पळाले ते त्या 'ए'मुळेच.

फॉर्मवर लिहिलं: 'पट्टेवाले (सेवापुस्तिकेत भृत्य), सरकारी कचेरी, इंदूर, १९५२ ते १९८६.' नानांनी 'ला' लिहिलं होतं, मी 'ले' केलं. आपल्याबद्दल लिहिताना ते 'ला'च लिहिणार, मी लेक आहे.

भावाला फोनवर वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "शहाऐंशी नाही, सत्त्याऐंशी. निरोपाला मी गेलो होतो, तू सासरी होतीस." साल दुरुस्त केलं आणि आज फॉर्म टपालात टाकला.