मदत हवी आहे: एक दिवस, गाडी आणि प्रोव्हान्सचं लव्हेंडर

मंडळी, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही फ्रान्सला एक्स-आँ-प्रोव्हान्समध्ये मुक्कामी आहोत. भाड्याची गाडी घेऊन एक दिवस लव्हेंडरची शेतं बघायची आहेत. सोबत सासूबाई असतील. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे चालणं बेताचंच.

मूळ बेत असा: सकाळी लवकर निघायचं, मानोस्कवरून वालांसोलचं पठार, मूस्तिये-सँत-मारीला जेवण आणि परत. पण वालांसोलला जुलैच्या मध्यापासूनच कापणी सुरू होते. एवढं लांब जाऊन नुसते कापलेले बुंधे बघायचे? शिवाय तिथे बहुतेक लव्हांडँ, म्हणजे संकरित जात. अस्सल लव्हेंडर वर सो गावाकडे, उंचीमुळे फुलतंही उशिरा. मग वालांसोल सोडून थेट सो गावच गाठावं का? परतताना गोर्दजवळचा सेनांकचा मठ (११४८ चा) दिवसाउजेडी होईल, की फारच ओढाताण?

तिकडे जुलैत गेलेल्यांनी सांगा: सोच्या घाटवाटा वयस्क माणसाला झेपतील का? गाडीतून न उतरताही शेतं नीट दिसतात का? आणि शुद्ध शाकाहारी माणसाला दुपारी काय मिळेल? दशम्या-चटणी बांधून नेणारच आहोत, तरी विचारून ठेवते.