वजाबाकीत −१० येतंय, पुस्तकात +२ आहे, कुठे चुकतंय?

प्रश्न:
एफ(एक्स) = ३एक्स − ४ आणि जी(एक्स) = एक्स − ६ दिलंय, दोन्हींची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार काढायचाय. बेरीज ४एक्स − १० बरोबर आली पण एफ वजा जी तीनदा केलं तरी २एक्स − १० च येतंय, आणि पुस्तकामागे उत्तर २एक्स + २ आहे. शिवाय गुणाकारात एक्सचा वर्ग आला, दोन्ही सरळ रेषा असताना वर्ग कुठून येतो? कालपासून डोकं चालेनासं झालंय, कोणीतरी नीट सांगा प्लीज.

उत्तर १:
कंस घातला नाहीस बघ. (३एक्स − ४) − (एक्स − ६) असं लिही, वजा चिन्ह अख्ख्या जीला लागतं, नुसत्या एक्सला नाही. कंस सोडताना −६ चं +६ होतं, म्हणजे ३एक्स − ४ − एक्स + ६ = २एक्स + २. आणि एक सवय लाव, उत्तर आलं की एक्सच्या जागी सोपी संख्या टाकून बघायची. १ टाक, एफ येतं −१, जी येतं −५, −१ मधून −५ वजा केले की ४. पुस्तकातलं उत्तरही ४ देतं, तुझं देतं −८. चूक लगेच पकडली जाते.

उत्तर २:
गुणाकारात वर्ग येणारच, एक्स गुणिले एक्स आहे ना तिथे. ३एक्स² − २२एक्स + २४ आलं असेल तर बरोबर आहे. बेरीज-वजाबाकीत नुसते सहगुणक मिळवले किंवा वजा केले जातात, चढ ३ आणि १, म्हणून बेरजेचा ४ आणि वजाबाकीचा २, रेषा ती रेषाच राहते. गुणाकाराचा आलेख मात्र पॅरॅबोला, म्हणजे वाटीसारखा वक्र, होतो आणि तो एक्स-अक्षाला नेमका तिथेच छेदतो जिथे या दोन रेषा त्या अक्षाला छेदतात, ४/३ आणि ६ ला, कारण दोघांपैकी एक शून्य झालं की गुणाकार शून्य. कागदावर काढून बघच, मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा फार भारी वाटलं होतं.

उत्तर ३:
भागाकाराचं राहिलं. छेदात एक्स − ६ आहे म्हणून एक्स ६ असून चालणार नाही, ही अट उत्तरासोबत लिहायचीच. समजा एफ २एक्स − १२ असतं तर काटछाट होऊन नुसते २ उरले असते, तरीही ६ वगळायलाच लागतो, तिथे खूप जणांचे मार्क जातात.

प्रश्नकर्ता:
कंसाचं कळलं!! आता २एक्स + २ = ० ठेवलं तर एक्स = −१ येतं, आणि −१ ला दोन्ही फंक्शन −७ देतात. म्हणजे वजाबाकी शून्य होते तिथेच दोन रेषा एकमेकींना छेदतात का?

उत्तर २:
हो, अगदी बरोबर. आता ३एक्स − ४ मधून ३एक्स + १ वजा कर, एक्स उडून जाईल आणि −५ उरेल, मग सांग त्या दोन रेषा कुठे भेटतात ते.