उसाच्या खोडव्यात केवडा, सामू ८.४ : चिलेटेड लोह की गंधक?

पंढरपूर तालुक्यात दोन एकर को ८६०३२ या उसाच्या वाणाचा खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेलं पीक) आहे, अडीच महिन्यांचा, ठिबकवर. त्यातल्या १५ गुंठ्यांत केवडा पडलाय. कोवळी पानं पिवळी-पांढरी, शिरा तेवढ्या हिरव्या. जुनी पानं मात्र चांगली आहेत. त्यामुळे नत्राची कमतरता नाही, लोहाचीच आहे, असं माझं मत. नत्र कमी पडलं की खालची पानं आधी पिवळी होतात.

माती परीक्षण याच पट्ट्याचं केलंय : सामू (पीएच) ८.४, क्षारता ०.४२, मुक्त चुना १४ टक्के, सोडियम प्रमाणात. ढेकळावर लिंबू पिळलं तरी फेस येतो. बोअरचं पाणीही जड, सामू ८.१. निचरा चांगला आहे, पाणी साचत नाही.

फेरस सल्फेट जमिनीतून एकरी १० किलो दिलं, काहीच फरक नाही. ०.५ टक्क्याच्या दोन फवारण्यांनी पानं हिरवी झाली, पण नवी पानं पुन्हा पिवळीच. दुकानदार जिप्सम सुचवतोय. पण ते चोपण (सोडियम जास्त असलेल्या) जमिनीसाठी, चुनखडीला त्याचा काय उपयोग? आणि सगळा चुना मोडायचा तर गंधक एकरी कित्येक टन लागेल, ते परवडणारं नाही.

चिलेटेड (मातीत अडकू नये म्हणून सेंद्रिय रेणूत बांधलेल्या) लोहापैकी ईडीटीए प्रकारचं एवढ्या सामूला टिकत नाही, म्हणून ईडीडीएचए प्रकारचं ठिबकातून द्यायचा विचार आहे. ते महाग आहे, म्हणून फक्त या १५ गुंठ्यांपुरतं.

चुनखडीच्या रानात ज्यांनी ते वापरलंय त्यांनी सांगावं : एकरी किती दिलं, किती वेळा, आणि शेणखतात मुरवलेलं फेरस सल्फेट सरीत देऊन तेवढाच फरक पडतो का?