उंची बेळगावाएवढीच, मग माद्रिदची हवा इतकी कोरडी का?

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव): माझी मुलगी सप्टेंबरमध्ये शिक्षणासाठी माद्रिदला जात आहे. आपले बेळगाव साधारण 750 मीटर उंचीवर आहे आणि माद्रिदही सुमारे 650 मीटर उंचीच्या पठारावर वसले आहे. डोंगर दोन्हीकडे जवळ. तरीही तिथे वर्षाला जेमतेम सव्वाचारशे-साडेचारशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि उन्हाळा तर कोरडाच जातो, असे वाचले. याचे कारण काय असावे, आणि तिने बरोबर काय न्यावे?

उत्तर (खानापूर): काका, नुसत्या उंचीवरून हवामान कळत नाही. जूनपासून आपल्याकडे नैर्ऋत्येचा वारा अरबी समुद्राचे बाष्प घेऊन सह्याद्री चढतो. त्याच महिन्यांत माद्रिदवर अटलांटिकमधल्या अझोरेस बेटांकडून पसरलेला जास्त दाबाचा पट्टा असतो, हवा खाली बसते आणि ढग धरतच नाहीत. तिथला पाऊस मुख्यतः शरद ऋतूपासून वसंतापर्यंतचा. त्यातही वायव्येकडून आलेले ढग ग्वादारामा डोंगररांगेवर रिते होतात, तिचे पेन्यालारा शिखर 2,428 मीटर उंच आहे. नैर्ऋत्येकडून अटलांटिकचा वारा आला, तरच शहराला चांगला पाऊस मिळतो. घाटमाथ्यावरच्या कणकुंबीला झड लागलेली असताना पूर्वेकडच्या कोरड्या अथणीचा शेतकरी आभाळाकडे पाहत असतो, तसेच हे आहे. समुद्र जवळजवळ तीनशे किलोमीटर दूर असल्यामुळे जुलैची दुपार 32-33 अंशांवर, तर जानेवारीची पहाट दोन-तीन अंशांवर जाते. मांझानारेस नदी लहान असल्याने शहराला पाणी कमी पडे, म्हणून डोंगरातल्या लोझोया नदीचे पाणी कालव्याने आणले गेले आणि ते 1858 मध्ये शहरात पोहोचले. राकसकोप धरणाच्या पाण्यावर वाढलेल्या आपल्याला त्याचे मोल सांगायला नको.

उत्तर (निपाणी): मी तिथे तीन वर्षे राहिलो आहे. जुलैत धुतलेली जाड चादर तासाभरात कडक वाळते, ओठ फुटतात, आणि दुपारी घरोघरी खिडक्यांवरची गुंडाळती झडप खाली ओढून अंधार करतात. रात्री ती उघडली की गार वारा आत येतो. सुरुवातीला मी आपल्या सवयीने दुपारी खिडक्या उघड्या टाकत असे आणि रात्रभर तळमळत असे. जानेवारी 2021 मध्ये काही भागांत अर्धा मीटर बर्फ साचले होते, पण तसे क्वचितच घडते. सप्टेंबरात तिला सुती कपडेच लागतील. जाड कोट तिथेच नोव्हेंबरपूर्वी घेतलेला बरा. छत्रीपेक्षा ओठांना लावायला तूप किंवा मलम आधी पिशवीत ठेवा.

प्रश्नकर्ता: तुपाची लहान डबी आजच बाजूला काढून ठेवली. झडपेचे मात्र तिला ठाऊक नव्हते, तेही सांगितले.