महागाई वाढत असताना बिटकॉइन का पडले?

मिरजकर:
नमस्कार. नोव्हेंबर २०२१ मध्ये, बिटकॉइन ६९ हजार डॉलरच्या आसपास असताना, मी त्यात थोडी रक्कम गुंतवली. नाणी २ कोटी १० लाखांच्या वर कधीच निघणार नाहीत, सरकारला नोटा छापता येतात पण बिटकॉइन छापता येत नाही, म्हणून महागाईवर हा उत्तम उतारा आहे, हा त्या वेळी सर्वत्र ऐकू येणारा युक्तिवाद मलाही पटला होता. पुढे जून २०२२ मध्ये अमेरिकेतील महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर, म्हणजे ४० वर्षांतील उच्चांकावर गेला आणि नेमक्या त्याच महिन्यात बिटकॉइन १८ हजार डॉलरच्या खाली उतरले. मी घाबरून निम्मे विकले. उतारा लागू पडायची वेळ आली तेव्हाच तो का लागू पडला नाही? आणि मिरजेत बसून थोडाफार व्यवहार करणाऱ्याने अमेरिकेतील व्याजदराच्या तारखा पाहून खरेदी-विक्री करावी का?

निवृत्त शाखाधिकारी:
आपला प्रश्न महागाईचा वाटतो, पण त्याचे उत्तर व्याजात आहे. महागाईच्या आकड्यापेक्षा, त्यावर मध्यवर्ती बँक काय करणार, याकडे बाजाराचे लक्ष अधिक असते. मार्च २०२२ च्या मध्यापर्यंत अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा, म्हणजे फेडरल रिझर्व्हचा (फेडचा), व्याजदर शून्य ते पाव टक्का होता. जुलै २०२३ मध्ये तो सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर पोहोचला. ज्या डॉलरवर आधी जवळजवळ काहीच मिळत नव्हते, त्यावर अमेरिकी सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यांत निवांतपणे पाच टक्के मिळू लागले. बिटकॉइन ना व्याज देते ना लाभांश, म्हणून पैसा त्यातून निघून रोख्यांकडे वळला. हाच प्रकार मी शाखेत लहान प्रमाणावर पाहिला आहे: मुदत ठेवीचा दर उतरला की काउंटरवर म्युच्युअल फंडांची चौकशी सुरू व्हायची आणि तो चढला की तीच मंडळी ठेवीचा फॉर्म मागायला यायची.

सोनेही व्याज देत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तरीही २०२२ च्या अखेरीस सोने डॉलरमध्ये वर्षारंभी होते जवळपास तेथेच राहिले. सोन्याच्या गिऱ्हाइकांत मध्यवर्ती बँका असतात आणि लग्नघरेही असतात. बिटकॉइन घेणारे मात्र बरेचसे तेच होते, जे तंत्रज्ञान कंपन्यांचे शेअर घेत होते. त्या वर्षी तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला अमेरिकेतील नॅसडॅक हा शेअर निर्देशांक सुमारे एक तृतीयांश घसरला आणि बिटकॉइन त्याच्याबरोबर, त्याहून खोल गेले.

अर्थात सगळे खापर व्याजदरावर फोडता येणार नाही. मे २०२२ मधील टेरा-लुना या जोडनाण्यांची पडझड आणि नोव्हेंबरमधील एफटीएक्स या क्रिप्टो (आभासी चलन) खरेदी-विक्री मंचाची दिवाळखोरी हे या बाजाराचे घरचेच आजार होते; महागड्या पैशाने ते फक्त लवकर बाहेर काढले, असे माझे मत आहे.

रात्रपाळी:
वरील विवेचन मान्य आहे, पण त्यावरून ‘दर वाढला की विका, घटला की घ्या’ असा अर्थ कोणी काढला तर हात पोळतील. ३१ जुलै २०२४ रोजी बँक ऑफ जपानने दर केवळ पाव टक्क्यापर्यंत नेला. येनमध्ये स्वस्तात कर्ज काढून तो पैसा जगभर गुंतवणाऱ्यांची मात्र त्याने तारांबळ उडवली, कारण येन वधारला की कर्जही फुगते. त्यातच अमेरिकेतील रोजगाराचे आकडे निराशाजनक आले. सोमवार, ५ ऑगस्टला जपानचा निक्केई शेअर निर्देशांक १२.४ टक्के कोसळला आणि बिटकॉइन ५० हजार डॉलरच्या खाली गेले. शनिवार-रविवारी शेअर बाजार बंद असतात, क्रिप्टो चालू असते. ज्याला रोकड हवी असते तो त्या क्षणी जे विकता येते ते विकतो. मी शुक्रवारी ६५ हजारांच्या आसपास, पाचपट मार्जिनवर, म्हणजे स्वतःच्या पैशाच्या पाचपट रकमेची, उसनवारीने खरेदी केली होती. सोमवारी माझी पोझिशन लिक्विडेट झाल्याचा, म्हणजे तोटा वाढल्याने ती खरेदी सक्तीने विकली गेल्याचा, संदेश मी दात घासता घासता वाचला.

उलट मार्च २०२३ पाहा. अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, तिच्यात नाणे काढणाऱ्या कंपनीची ठेव अडकल्यामुळे यूएसडीसी हे नेहमी एका डॉलरला राहावे असे आखलेले क्रिप्टो नाणे ८७ सेंटच्या आसपास घसरले, आणि तरीही महिनाअखेरीस बिटकॉइन महिन्याच्या सुरुवातीपेक्षा वर होते, कारण आता दरवाढ थांबेल अशी अपेक्षा निर्माण झाली. आलेल्या बातमीपेक्षा लोकांनी आधी काय धरले होते, यावर भाव हलतो.

कर आणि हिशोब:
मिरजकरांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला अमेरिकेपेक्षा आपल्या प्राप्तिकर कायद्यात दिसते. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या पूर्ण रकमेवर १ टक्का टीडीएस (विक्रीच्या वेळीच कापला जाणारा कर). एक लाख रुपये घेऊन दर बातमीला आत-बाहेर केलेत, तर भाव जराही न हलता दहा विक्रींनंतर हातात सुमारे ९० हजार ४०० उरतात; बाकीचे विवरणपत्र भरून परतावा मिळेपर्यंत अडकलेले असतात. शिवाय तोटा वजा करता येत नाही. एका नाण्यात ५० हजार कमावले आणि दुसऱ्यात ५० हजार घालवले, तरी उपकरासह १५ हजार ६०० रुपये कर भरावाच लागतो. अशा स्थितीत आकड्यांमागे धावणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. नोव्हेंबर २०२१ ते नोव्हेंबर २०२२ या वर्षभरात डॉलर ७४ रुपयांवरून ८१ च्या पुढे गेला. आपली खरेदी साधारण ५१ लाख रुपये प्रति नाणे या भावाची धरली, तर नोव्हेंबर २०२२ मधील १६ हजार डॉलर म्हणजे १३ लाख रुपये होतात. डॉलरमध्ये ही घट सुमारे ७७ टक्के आहे, रुपयांत पावणेपंच्याहत्तरच्या आत. दिलासा किरकोळ आहे, पण आलेख पाहताना तो कोणत्या चलनात आहे हे तपासावे.

मिरजकर:
आपणा सर्वांचे मनापासून आभार. टीडीएसचा हिशोब मी कधी मांडलाच नव्हता. उरलेले निम्मे तसेच ठेवतो. मात्र महागाईचे आकडे जाहीर होतात त्या संध्याकाळी नवी खरेदी टाळीन. ते नेमके किती वाजता येतात?

रात्रपाळी:
अमेरिकेत घड्याळे पुढे असतात त्या काळात, म्हणजे साधारण मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत, आपल्या संध्याकाळी ६ वाजता. हिवाळ्यात ७ वाजता. फेडचा निर्णय रात्री साडेअकराला किंवा हिवाळ्यात साडेबाराला येतो आणि अर्ध्या तासाने अध्यक्ष बोलू लागतात. भाव कधी कधी पहिल्यांदा निर्णयावर आणि मग उलट्या दिशेने त्या बोलण्यावर हलतो.