मायक्रोवेव्ह पल्सच्या प्रतिमेत ठिपक्याऐवजी कमानी का येतात?

प्रश्न
दोन विवाल्डी अँटेना (रुंद फ्रिक्वेन्सी-पट्ट्यात चालणाऱ्या सपाट अँटेना), मध्ये १२ सेंमी अंतर. व्हीएनएवर (एकेका फ्रिक्वेन्सीला सिग्नल पाठवून परत आलेला मोजणारं यंत्र) १ ते ४ गिगाहर्ट्झ, ३०१ पॉइंट. जोडी ८० सेंमीच्या रेलवर २-२ सेंमीने सरकवते. समोर ५० सेंमीवर प्लायच्या खोक्यात पत्र्याचा डबा आणि रिकामी प्लॅस्टिकची बाटली. प्रत्येक जागी एस२१ (एका अँटेनातून दुसरीत पोचलेला सिग्नल), मग उलटा फूरिए (फ्रिक्वेन्सीवरून वेळेत, म्हणजे पल्समध्ये बदल), मॅग्निट्यूड (नुसता आकार, फेज सोडून) आणि शेवटी डिले-अँड-सम (प्रतिमेतल्या प्रत्येक बिंदूसाठी जाण्या-येण्याचा वेळ जुळवून सगळ्या नोंदींची बेरीज). डब्याच्या ठिकाणी एकमेकींना छेदणाऱ्या कमानी दिसतात, त्याही २० सेंमी मागे. अँटेनाजवळ भगभगीत पट्टा. बाटलीचा पत्ताच नाही.

उत्तर १
मॅग्निट्यूड फार लवकर घेतलाय. बेरीज कॉम्प्लेक्स आकड्यांचीच हवी, म्हणजे आकार आणि फेज (लहर आवर्तनात कुठे आहे ते) दोन्ही धरून. फेज शाबूत असेल तर डब्याच्या जागी रेलवरच्या सगळ्या ४१ जागांच्या नोंदी जुळून येतात, इतरत्र एकमेकींना खोडतात. मॅग्निट्यूड कधी ऋण नसतो, म्हणून खोडाखोड होतच नाही आणि प्रत्येक नोंदीची कमान तशीच साचते. मॅग्निट्यूड बेरीज संपल्यावर, एकदाच.

२० सेंमी म्हणजे अँटेना आणि केबलमधला उशीर. केबलच्या टोकाशी कॅलिब्रेशन करून केबलचा उशीर काढला तरी अँटेनातला उशीर उरतोच. धातूचा सपाट पत्रा मोजून ५० सेंमीवर धरा. शिखर ७० वर आलं तर सगळीकडून १.३३ नॅनोसेकंद वजा करा.

पट्टा ही एका अँटेनातून दुसरीत होणारी थेट गळती. रिकाम्या खोक्याचा पूर्ण स्कॅन घेऊन वजा करा, तोही कॉम्प्लेक्स. सगळ्या नोंदींची सरासरी वजा करणं सोपं, पण रेलला समांतर असलेले सपाट पृष्ठभागही त्यात पुसले जातात.

उत्तर २
वरच्या वजाबाकीचा घात केबल करते. ४ गिगाहर्ट्झला केबलमधली तरंगलांबी साधारण ५ सेंमी. अँटेना सरकताना केबल वाकल्यामुळे लांबीत १ मिमीचा फरक पडला तरी फेज ७ अंश सरकते आणि गळतीचा १२ टक्के भाग मागे उरतो. डब्याच्या परताव्यापेक्षा (डब्यावर आपटून परतणाऱ्या लहरीपेक्षा) तो सहज मोठा असू शकतो. त्यापेक्षा अँटेना जागच्या जागी घट्ट बसवा आणि खोकं सरकवा. स्वीप (१ ते ४ गिगाहर्ट्झची एक फेरी) चालू असताना काहीही हलू देऊ नका.

बाटलीची भिंत जेमतेम अर्धा मिमी, तुमची सर्वांत आखूड तरंगलांबी ७.५ सेंमी. परतावा येणार कुठून? पाणी भरा. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ७८ च्या आसपास (हवेचा १; फरक जितका मोठा तितका परतावा जास्त), पुढचा पृष्ठभाग ठळक दिसेल.

प्रश्नकर्ती
मॅग्निट्यूड शेवटी नेला, कमानी गेल्या! डब्याच्या पुढे-मागे फिकट पट्टे मात्र राहिलेत.

उत्तर १
ते साइडलोब, म्हणजे मुख्य शिखराच्या आजूबाजूची खोटी छोटी शिखरं. बँड (१ ते ४ गिगाहर्ट्झचा पट्टा) कडेला एकदम तुटतो म्हणून येतात. उलट्या फूरिएआधी हॅनिंग विंडो लावा, ती बँडच्या कडा हळूहळू शून्यावर आणते. बदल्यात खोलीच्या दिशेतलं रिझोल्यूशन (दोन वस्तू वेगळ्या दिसण्यासाठी लागणारं कमीत कमी अंतर) ५ सेंमीवरून १० च्या जवळ जाईल, तेव्हा डबा आणि बाटली पुढे-मागे १५ सेंमी अंतरावर ठेवा.