९२-९३ : तुमच्या बिल्डिंगच्या पाटीवरून कोण गेलं?

चौथा_मजला
आमची माहीमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय. परवा मीटरच्या खोलीतला पसारा काढताना नावांची जुनी लाकडी पाटी निघाली. बारा नावं, त्यातल्या तिघांवर काळा ऑइलपेंट. पोटात ढवळलंच, कारण तो पेंट मारताना डबा मी धरला होता. जानेवारी १९९३, बाबरी पाडल्यानंतरची मुंबईची दंगल चाललेली, मी अकरा वर्षांची. बाबांनी आणि सेक्रेटरीकाकांनी त्या तिन्ही घरांना विचारूनच नावं झाकली, त्यांच्याच जिवासाठी. सकाळी दुसऱ्या मजल्यावरची चाची खाली आली, पाटीकडे बघत म्हणाली, "भाऊ, आता तर रस्त्यावरूनपण मोजता येतंय, तीन घरं आहेत म्हणून." मग अख्खी पाटीच उतरवली.

वर्षभरात तिघंही घर विकून गेले. दोन मुंब्र्याला, एक मीरा रोडला. हाकललं कोणीच नाही. सगळे "थांबा ना" म्हणत होते, आणि सगळ्यांनी टेम्पोत सामान चढवायला मदतपण केली.

काल दलाल भाड्याची जागा दाखवत होता. अगदी आपलेपणाने म्हणाला, "ताई, बिल्डिंगमध्ये सगळे आपलेच आहेत हां." तेव्हापासून डोक्यात हेच. दंगलीत काय पाहिलं ते नको, नंतर तुमच्याकडे काय बदललं ते लिहा.

कुकरची_शिट्टी
बाप रे. भाजी टाकलीय, येते नंतर. पण पाव!! पाव आठवतोय का कोणाला?

लालबागची_लेक
नंतरचं सांगायला आधीचं सांगावं लागतं. जानेवारी ८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अण्णा विव्हिंगला होते. संप संपला असं कोणी सांगितलंच नाही आणि गिरणीने परत बोलावलंही नाही. आई डबे करायची, दादा दहावी नापास, दिवसभर नाक्यावर. युनियनचं ऑफिस ओस पडलेलं, शिवसेनेच्या शाखेत मात्र रोज संध्याकाळी ट्यूबलाइट. शाळेची अ‍ॅडमिशन, नळ, अ‍ॅम्ब्युलन्स, काहीही असो, तिथे निदान कोणी विचारायचं तरी. ८५ ला महापालिका त्यांच्याकडे गेली ती उगाच नाही.

डिसेंबरच्या शेवटाला महाआरत्या सुरू झाल्या. दादाला आरती पाठ नव्हती, नुसत्या टाळ्या वाजवायचा. डोंगरीत माथाडी कामगार मारले गेल्याची बातमी आली त्या रात्री तो घरी आला नाही. पुढच्या आठवड्यात पोलिसांनी उचलला. काही केलं की नुसता जमावात होता, मी आजवर विचारलेलं नाही. कोर्टाच्या तारखांना अण्णा जायचे, ज्यांनी त्याला नेलं त्यांच्यापैकी एकही नाही. आता ठाण्यात रिक्षा चालवतो. निवडणुकीच्या दिवशी मात्र सकाळी सातला रांगेत.

बारमाही
कोणाला मत देतो विचारलंत?

लालबागची_लेक
विचारायला कशाला लागतंय.

दापोलीचा
मुंब्र्यातून लिहितोय. ती चाची आमची नाही, पण असायला हरकत नव्हती. आम्ही कोकणी मुसलमान, घरात मराठी, आडनावाच्या शेवटी 'कर'. परळला रस्त्यात चौघांनी अडवून नाव विचारलं तेव्हा अब्बांनी नुसतं आडनाव सांगितलं. "जा काका, लवकर घरी जा," म्हणाले. घरी येऊन दोन दिवस बोलले नाहीत. वाचलो याचं काही नाही, पुढचं नाव गिळलं ते लागलं त्यांना.

मे महिन्यात इथे आलो. पाण्याचे हाल, लाइट कधीही जायची, लोकलला लटकून कामावर. पण रात्री झोप लागायची. अब्बा जन्मभर पंजावाले. तेव्हा राज्यात सरकार त्यांचंच होतं ना, म्हणून ९५ ला मतदानाला उतरलेच नाहीत. मुंबईतल्या मामाने समाजवादीच्या सायकलवर शिक्का मारला. मला मराठी निबंधात बक्षीस मिळालेलं, माझ्या मुलाचं मराठी ऐकून दापोलीची आत्या हसते. त्याच्या वर्गात त्याला शिकायचं तरी कोणाकडून?

संदर्भासहित
दंगलीची चौकशी करणारा श्रीकृष्ण आयोग : मृत ९००. मुसलमान ५७५, हिंदू २७५, ओळख न पटलेले ४५, इतर ५. पोलिसांच्या गोळीबारात ३५६, भोसकून ३४७.

बारमाही
भाऊ, अनुभव धागा आहे. आकडे गुगलवर मिळतात.

संदर्भासहित
बेपत्ता १६८. हा आकडा २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालात आला. आमचे काका त्यात आहेत.

बारमाही
माफ करा. खरंच.

कुकरची_शिट्टी
आले. हं, तर पाव. आमच्या नाक्यावरच्या बेकरीत भट्टीवर सगळे यूपीचे मुसलमान. मिळेल ती गाडी पकडून गावाला पळाले. शाखेच्या बाजूला वडापावची गाडी होती, तो वडे तळून बसायचा आणि पावच नाही! गिऱ्हाइकं त्याच्यावर ओरडायची. तीच पोरं, ज्यांनी दगड मारून बेकरी बंद पाडलेली. शेवटी बायकोने केलेल्या चपातीत वडा गुंडाळून विकला. मुलांच्या दप्तरात अजून कधी वडाचपाती दिली की मला तेच आठवतं. विषयाला धरून नाही हे, सॉरी.

खाकीचा_मुलगा
विषयाला धरूनच आहे, ताई. गोळीबाराच्या आकड्यावरून लिहितोय. वडील हवालदार. बरेच दिवस घरी नव्हते, आले तेव्हा बूट निघेना, पाय इतके सुजलेले. आयोगाने पोलिसांवर ठपका ठेवला तेव्हा मी कॉलेजात, भयंकर तावातावात. अहवालातली काही पानं झेरॉक्स करून समोर ठेवली. "मला काय वाचायला देतोस, मी होतो तिथे." पुढे अक्षर नाही.

पण दंगलीनंतर, साहनीसाहेब पोलीस आयुक्त असताना मोहल्ला कमिट्या निघाल्या, वस्तीतली माणसं आणि पोलीस एकत्र बसायचे. वस्तीतल्या पोरांबरोबर पोलिसांच्या क्रिकेट मॅच व्हायच्या. वडील अंपायर. एकदा सरळ सरळ चुकीचा एलबीडब्ल्यू दिला आणि पोरांनी तोंडावर शिव्या घातल्या. मी त्यांना इतकं खुशीत घरी आलेलं कधी पाहिलं नाही. सांगत होते, "घाबरली नाहीत रे पोरं!"

गिरगाव_कट्टा
मुंबईला दंगलीची सवय जुनी. १८३२ ला पारशी रस्त्यावर उतरले होते, कशासाठी, तर सरकार भटकी कुत्री मारतंय म्हणून! १८९३ ला सौराष्ट्रातल्या प्रभासपाटणच्या दंगलीच्या बातमीवरून इथे हिंदू-मुसलमान पेटले आणि मग टिळकांच्या हाताने गणपती चौकात आला. प्रत्येक दंगल काहीतरी मागे ठेवून जाते. ९३ ची बघा : मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक गेले, ६ मार्चला पवार आले, १२ मार्चला बॉम्बस्फोट, २५७ माणसं. ९५ ला युतीचं सरकार, शिवसेनेचे ७३ आमदार आणि भाजपचे ६५. ९६ च्या जानेवारीत त्यांनी श्रीकृष्ण आयोगच बंद केला, मे महिन्यात परत सुरू. ९८ ला अहवाल आला, विधानसभेत ठेवला आणि सरकारने नाकारला.

लालबागची_लेक
आमच्या चाळीत गणपती आला तो एकट्या टिळकांमुळे नाही हो, गिरणीच्या बोनसमुळेपण. पण असो.

गिरगाव_कट्टा
😀 मान्य.

दापोलीचा
चौथा_मजला, पाटीचं काय करताय? भंगारात नका देऊ.

चौथा_मजला
घरी आणलीय. थिनर लावून बघू का म्हणते.

दापोलीचा
थिनर नको, खालचं अक्षरपण जाईल. पॉलिशवाल्याला दाखवा.

चौथा_मजला
हो. नावं तशी पाठ आहेत. चाचीच्या मुलाचं स्पेलिंग बघायचंय, फेसबुकवर शोधायला.

बारमाही
बिल्डर भाडं किती देतोय पण?